बैठक मोडा: पोट सुटलेल्यांसाठी बारा आठवड्यांचा कार्यक्रम

सकाळी पाऊण तास चालणं, आंघोळ, नाश्ता, मग दीड तास बस किंवा गाडी, आठ-नऊ तास खुर्ची, परतीचा दीड तास, रात्री जेवण आणि झोपेपर्यंत टीव्ही. हा दिवस कागदावर मांडून पाहा. जागेपणीच्या सोळा-सतरा तासांपैकी बारा-तेरा तास बसण्यात गेलेले दिसतील, आणि हा हिशोब नियमाने चालायला जाणाऱ्या माणसाचा आहे. ‘रोज चालतो, तरी पोट हलत नाही आणि शुगरही उतरत नाही’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा या उरलेल्या दिवसात असतं.

व्यायाम कमी असणं ही एक गोष्ट आणि सलग बसून राहणं ही दुसरी. दोन्हींवर वेगवेगळं काम करावं लागतं. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा वाढलेला धोका पूर्णपणे पुसला जायला रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम जोमाची हालचाल लागते, असं त्यात दिसलं. नोकरी आणि घर सांभाळून एवढा वेळ रोज काढणं फार थोड्यांना जमतं. म्हणून आम्ही सुरुवात व्यायामापासून करायला सांगत नाही. आधी बैठक मोडायची.

स्नायू आकसला की काय होतं

जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं सर्वात मोठं काम स्नायू करतात, त्यातही मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांचे. साखर पेशीत शिरायला दार उघडावं लागतं. एरवी ते इन्सुलिन उघडतं. पोटाच्या आत आणि यकृतात चरबी साठली की इन्सुलिनचा निरोप पेशीपर्यंत नीट पोचत नाही, यालाच इन्सुलिन-रोध म्हणतात. पण स्नायू आकसला की साखर वाहून नेणारी प्रथिनं इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. लठ्ठपणात आणि मधुमेहातही हा दुसरा रस्ता बराचसा शाबूत असतो. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे. पाय हलले तर साखर उचलली जाते, पाय थांबले की तो रस्ता ओस पडतो. रक्तातली चरबी फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकरही निष्क्रिय स्नायूंत मंदावतं. त्यामुळे तासन्‌तास बसण्याचा फटका ट्रायग्लिसराइडलाही, म्हणजे रक्तातल्या या चरबीलाही, बसतो.

आधी मोजून घ्या

वजनकाटा पुरेसा नाही. शिंप्याची टेप घ्या. पोटावरचा कपडा बाजूला करा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. कुशीत बोटांनी चाचपून सर्वात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्हींच्या मधोमध टेप आडवी फिरवा आणि नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू नका, टेप रुतवू नका. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची धोक्याची रेषा आहे. दुसरी सोपी कसोटी म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. पँटचा नंबर घेर म्हणून धरू नका. पोट पुढे आलेली माणसं पँट पोटाखाली बांधतात, त्यामुळे पोट वाढत गेलं तरी नंबर तोच राहतो.

बीएमआयची (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) रेषाही आपल्याकडे खालची आहे. २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला साधारण ६८ किलोलाच लठ्ठ म्हणायचं. हे ऐकून अनेकांना राग येतो, पण त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे दोन फोटो शेजारी-शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सारख्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणूनच या कार्यक्रमात स्नायूंवर इतका भर आहे.

सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी), ट्रायग्लिसराइड, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि रक्तदाब यांची नोंद करून ठेवा. साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, आणि वाढलेला घेर. या पाचांपैकी तीन जमले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

चढ चढताना छातीत दडपण येतं, चक्कर येते, थोड्या हालचालीत दम लागतो, रक्तदाब १८०/११० च्या आसपास राहतो, पायांना बधिरपणा आहे किंवा डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला आहे, यांपैकी काहीही असलं तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय पुढचं जोमाचं काम सुरू करू नका. छातीतलं दडपण नवं असेल किंवा वाढत चाललं असेल, तर भेट त्याच दिवशी व्हायला हवी.

पहिला आठवडा: फक्त नोंद

तीन दिवस निवडा, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा. एकूण किती तास बसलात हे लिहू नका, तो आकडा नेहमी चुकतो. पाऊण तासाहून लांब अशा किती बैठका झाल्या आणि त्या कधी झाल्या, तेवढंच लिहा. सकाळी अकरा ते एक, दुपारच्या जेवणानंतर चारपर्यंत आणि रात्री साडेनऊनंतर, अशा दोन-तीन मोठ्या बैठका बहुतेकांना सापडतात. त्याच मोडायच्या आहेत.

पावलं मोबाइलवर मोजत असाल तर मोबाइल अंगावर हवा. टेबलावर ठेवून तुम्ही चार फेऱ्या मारल्या तर त्या मोजल्या जात नाहीत. अनेक कुर्त्यांना आणि साडीला खिसा नसतो, त्यामुळे बायकांचा आकडा हमखास कमी येतो. कमरेला छोटा बटवा लावला तरी काम होतं. दहा हजारांच्या आकड्याचं दडपण घेऊ नका. तो १९६०च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. तुमचा आजचा आकडा ३,५०० असेल तर पुढचा टप्पा ४,५०० हा आहे.

दुसरा आठवडा: दर अर्ध्या तासाला दोन-तीन मिनिटं

ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली जास्त वजनाच्या मध्यमवयीन लोकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. साखर आणि चरबी असलेलं पेय दिल्यावर एक दिवस त्यांना सलग बसवलं, दुसऱ्या वेळी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालवलं. रमतगमत चालल्यावरही पेयानंतरची साखरेची वाढ सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाली, थोडं जोमात चालल्यावर सुमारे ३० टक्क्यांनी. घाम न येता, कपडे न बदलता हा फरक पडला. कामाच्या जागी वीस मिनिटं जमणं कठीण असतं, म्हणून अर्धा तास धरा.

इथे बहुतेकांची गाडी अडते ती गजरावर. मोबाइलवर दर अर्ध्या तासाचा गजर लावला की तिसऱ्या दिवशी तो कामाच्या ऐन भरात वाजतो, तुम्ही तो बंद करता आणि पुन्हा लावत नाही. त्यापेक्षा उठणं एखाद्या नेहमीच्या कामाला बांधा. टेबलावरची लिटरभराची बाटली काढून लहान पेला ठेवा, म्हणजे भरायला उठावंच लागेल. फोन आला की उभं राहून फेऱ्या मारत बोला. स्वच्छतागृह एक मजला वरचं वापरा. मीटिंगमधून उठणं शक्य नसेल तर बसल्या जागी टाचा उचला, गुडघे एकेक करून सरळ करा. हे चालण्याइतकं नाही, पण स्वस्थ बसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

नुसतं उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे. बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला जेमतेम ०.१५ कॅलरी जास्त लागते. सहा तास उभे राहिलात तरी पन्नासेक कॅलरी, एका केळ्याच्या निम्म्या. उलट जास्त वजनात सलग उभं राहिल्याने टाचा दुखतात आणि पायांच्या शिरा फुगतात. ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या असणाऱ्या बायकांना ‘तुमचं तर दिवसभर कामच असतं’ असं सांगितलं जातं. त्या कामात पाय जागेवरच असतात, म्हणून त्यांनाही या फेऱ्या लागतात.

रिक्षा, टॅक्सी, ट्रक किंवा एसटी चालवणाऱ्यांनी प्रत्येक थांब्याला खाली उतरून गाडीभोवती चार-पाच फेऱ्या माराव्यात. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि वाहक यांची तुलना मांडली होती. दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराने माल दाखवायला स्वतः उठावं, पोऱ्याला हाक मारू नये.

तिसरा आणि चौथा आठवडा: शतपावली, पण पंधरा मिनिटांची

जेवणानंतर शतपावली करावी हे आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. वेळ अचूक आहे, फक्त मात्रा कमी पडते. शंभर पावलं साधारण एका मिनिटात संपतात. लागतात दहा ते पंधरा मिनिटं.

जेवणानंतर साखर चढत जाते आणि तासाभराच्या आसपास शिखर गाठते. त्याआधी पाय हलायला हवेत, म्हणून हात धुतल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत निघा. २०१३ साली अमेरिकेत ज्येष्ठांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात तिन्ही जेवणांनंतरच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने दिवसभराची साखर सकाळच्या पाऊण तासाच्या चालण्याइतकीच सुधारली. आणि रात्रीच्या जेवणानंतरची तीन तासांची साखर आटोक्यात ठेवण्यात हेच छोटं चालणं सरस ठरलं. आपल्याकडे रात्रीचं जेवण साडेनऊला, तेही बहुधा दिवसातलं मोठं, आणि त्यानंतर थेट सोफा. तिन्ही वेळा जमत नसेल तर रात्रीची धरा आणि बाकीच्या सोडा.

वेग रमतगमत चालण्याचा ठेवा. भरल्या पोटी जोरात चाललात तर कुशीत कळ येते आणि आंबट पाणी वर येतं. चालताना किंवा जेवणानंतर छातीत दुखणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. सोसायटीचं पार्किंग, गच्ची, मजल्यावरचा व्हरांडा, काहीही चालतं. पावसाळ्यात घरातल्या घरात चालताना वळण दर वेळी एकाच बाजूला घेऊ नका, नाहीतर एका गुडघ्यावर ताण येतो. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वळा.

पाचव्या आठवड्यापासून: जोमाचं चालणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवा. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम. पावलांत मोजायचं तर मिनिटाला शंभराच्या आसपास. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात. त्या चालू असतील तर घड्याळातल्या ठोक्यांपेक्षा ही बोलण्याची कसोटीच खरी माना.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात आठवड्यातले पाच दिवस १० मिनिटं, सातव्या-आठव्यात १५ ते २०, नवव्यापासून २५ ते ३०. एका दमात जमत नसेल तर तुकडे करा, हिशोबात ते सारखेच धरले जातात. मात्र सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका. व्यायामाने सुधारलेली इन्सुलिनची संवेदनशीलता दोन-तीन दिवसांत ओसरते, म्हणून फक्त रविवारी सिंहगड चढून आठवडाभराची साखर सांभाळता येत नाही. गड जरूर चढा, पण तो आठवड्यातला जास्तीचा व्यायाम समजा.

जास्त वजनात चालणं सुटतं ते आळसापेक्षा दुखण्यामुळे, आणि ही दुखणी टाळता येतात. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटत असतील तर निघण्याआधी पेट्रोलियम जेली लावा आणि मांडीभर लांबीची अंतर्चड्डी घाला. ओला सुती कपडा घासत राहतो, तो टाळा. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठाभर जागा हवी आणि टाच घट्ट धरली जायला हवी. मधुमेह असेल तर गवतावरही अनवाणी चालू नका, घरी आल्यावर तळवे आरशात पाहा. गुडघे दुखत असतील तर उतार आणि जिना उतरणं टाळून सपाट रस्ता, जागेवरची सायकल किंवा छातीभर पाण्यात चालणं निवडा. धीर सोडू नका. गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या अभ्यासात एक किलो वजन उतरल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला आढळला आहे.

आठवड्यातून दोनदा: बैठका आणि जोर

हा भाग सर्वात जास्त टाळला जातो, आणि आमच्या मते भारतीय शरीराला याचीच सर्वात जास्त गरज आहे. जिम लागत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करा, मध्ये एक दिवस रिकामा सोडा.

खुर्चीवरच्या बैठका: साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची नको, ती सरकते. हात छातीवर, पावलं खांद्याइतकी लांब. उठा, मग तीन अंक मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया जातो. हात न टेकवता उठता येत नसेल तर बैठकीवर दुमडलेली चादर ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एकेक घडी कमी करा. आठ ते दहा वेळा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा तेवढंच.

भिंतीवरचे जोर: भिंतीपासून दोन फुटांवर उभे राहा, तळवे छातीच्या रेषेत, कोपरं दुमडून छाती भिंतीकडे न्या. बारा सहज जमले की भिंतीऐवजी ओट्याची कड धरा.

ओढण्यासाठी पिशवीत दोन किलो डाळीची पाकिटं घाला, एक हात टेबलावर टेकून वाका आणि दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढा. शेवटी ओट्याला धरून टाचा उचलणं, पंधरा वेळा.

जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम उसळतो. शेवटचे दोन-तीन वेळचे जड जायला हवेत, हे महत्त्वाचं. सहा महिने त्याच दहा बैठका काढत राहिलात तर स्नायूला वाढायचं कारणच उरत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक आहे, सांध्यात टोचल्यासारखी कळ येणं ठीक नाही. सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम आहे, पण शंभर किलो वजन आणि आटोक्यात नसलेला रक्तदाब असताना पहिल्या दिवशी बारा घालू नयेत. मनगटांवर, खांद्यांवर सगळा भार येतो आणि डोकं खाली जातं. बारा आठवड्यांनंतर दोनपासून सुरू करा.

वजन उतरवणारी इंजेक्शनं चालू असतील तर हा भाग अजिबात सोडू नका. झपाट्याने उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. दोन्ही जेवणांत डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे यांतलं काहीतरी भरपूर हवं.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी

नुसत्या मेटफॉर्मिनने व्यायामात साखर सहसा घसरत नाही, या औषधांनी घसरू शकते. निघण्याआधी मोजा. ९० च्या खाली असेल तर एक केळं किंवा दोन-तीन बिस्किटं खाऊन निघा. २५० च्या वर असेल आणि मळमळ किंवा गळाल्यासारखं वाटत असेल तर व्यायाम करू नका, डॉक्टरांना फोन करा. खिशात साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, अचानक भूक लागली तर थांबा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा. कार्यक्रमात मुरल्यावर औषधाची मात्रा कमी करावी लागू शकते, पण ते डॉक्टर ठरवतील.

काटा हलत नाही तेव्हा

८० किलोच्या माणसाने अर्धा तास जोमाने चालल्यावर बसण्यापेक्षा साधारण १०० ते १२० कॅलरी जास्त जळतात. एक वडापाव अडीचशे-तीनशेचा. बागेतून परतताना गटाने घेतलेली मिसळ किंवा गोड चहाचे दोन कप तो सगळा हिशोब फिरवतात. दुसरी गळती अशी की सकाळी व्यायाम झाला म्हणून माणूस दिवसभर नकळत जास्त बसतो. पहिल्या आठवड्याची नोंद पुन्हा एकदा केली की ती पकडता येते.

या दोन्ही गळत्या नसतानाही केवळ व्यायामाने काही महिन्यांत दोन-तीन किलोच उतरतात. जास्त हवं असेल तर ताटात बदल करावाच लागतो. पण काटा थांबला म्हणजे आत काही घडत नाही असं समजू नका. यकृतातली आणि पोटाच्या आतली चरबी वजन न बदलताही कमी होते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. तीन वर्षांत, साध्या सल्ल्यावर ठेवलेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात ३९.३ टक्के लोकांना. वजनात म्हणावी अशी घट नसताना.

बाराव्या आठवड्यात घेर, रक्तदाब आणि रक्ताच्या चाचण्या पुन्हा करा. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे त्याआधी तपासून हाती काही लागत नाही. तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं तेही पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात मोजा. हा आकडा सर्वांत आधी वाढतो.

मध्ये ताप, प्रवास, गणपती, लग्नसराई येणारच. डेन्मार्कमध्ये धडधाकट तरुणांची रोजची पावलं सुमारे दहा हजारांवरून दीड हजारांच्या आत आणली, तेव्हा दोन आठवड्यांत त्यांचा इन्सुलिन-प्रतिसाद घसरला आणि पायांचे स्नायूही घटले. म्हणून खंडाच्या काळात, ताप नसेल तर, रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटं चालणं आणि दिवसाला खुर्चीवरच्या दहा बैठका एवढं तरी ठेवा. खंड आठवड्याचा असेल तर जिथे सोडलं तिथूनच पुढे जा. दोन आठवड्यांहून मोठा असेल तर कार्यक्रमात तेवढेच आठवडे मागे या आणि पहिले तीन दिवस जोमाचं चालणं वगळा.